एका डबक्याला चार तळी: बेडकांची भरपाई मोजायची कशात?

लासूर स्टेशनला पावसाळ्यातला पहिला दणक्याचा पाऊस झाला की पुढच्या दोन-तीन रात्री नीट झोप लागायची नाही. मनमाडकडून येणाऱ्या गाड्यांची आम्हाला सवय आहे, त्यांनी झोप मोडत नाही. झोप मोडायची बेडकांनी. रुळांपासून थोड्या अंतरावर एक सखल रान होतं. मे महिन्यात तिथल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, जुलैत गुडघाभर पाणी आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा कोरडं ठणठणीत. त्याला कुणी तळं म्हणत नव्हतं. सातबाऱ्यावर ते शेतच होतं.

दोन वर्षांपूर्वी तिथे हायवाने मुरूम आणून टाकला, जेसीबीने सपाटी केली, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले. त्यातला एक प्लॉट आमच्या अण्णांनी घेतला. "पाणी साचायचं ना तिथं, म्हणून भाव जरा कमी लागला," असं ते पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. मी उभयचर प्राण्यांवर पीएचडी करते. त्यामुळे घरात हा विषय निघाला की मी चहा करायला उठते.

सिनॉप्सिस लिहिताना मला वाटलं होतं, यावर उत्तर सापडलंय. इंग्लंडमध्ये घरं बांधताना उभयचरांचं तळं बुजणार असेल तर बिल्डरकडून पैसे घेऊन दुसरीकडे तळी करतात, एकाला साधारण चार. आपल्याकडे तर शेततळी गावोगाव आधीच झाली आहेत. मग प्लॉटिंगमध्ये गेलेल्या डबक्यांची भरपाई शेततळ्यांनी होते का, एवढंच मोजायचं. मसुदा मॅडमना दाखवला. त्यांनी समासात एकच प्रश्न लिहून परत दिला: "तू बेडूक मोजणार आहेस की तळी?"

ही पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचं मला उशिरा सापडलेलं उत्तर आहे. तुमची पेट झाली असेल, विषय शोधणं चालू असेल आणि 'बाहेरच्या देशातली यशस्वी योजना आपल्याकडे लावून बघू' असा मोह होत असेल, तर ही मुद्दाम वाचा. मी त्याच मोहात एक अख्खं सत्र घालवलंय.

ऑफसेट म्हणजे नेमकं काय?

ऑफसेट म्हणजे एका जागी होणारं नुकसान दुसऱ्या जागी भरून काढणं. कागदावर त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी नुकसान टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, जागेवरच दुरुस्त करता येईल तेवढं करा आणि तरीही जे उरेल त्याचीच भरपाई करा. भरपाई ही शेवटची पायरी आहे. तिचं ध्येय असतं 'निव्वळ तोटा शून्य', म्हणजे जमेची आणि खर्चाची बाजू सारखी.

इथे एक साधा प्रश्न विचारायचा: जमा-खर्च कोणत्या एककात? किलो आणि लिटर एकमेकांतून वजा करता येत नाहीत. तसंच 'गेलेले बेडूक' वजा 'केलेली तळी' हेही गणित होत नाही. मधे एक गृहीतक लपलेलं असतं, की तळं केलं म्हणजे बेडूक झाले. अशा योजनेचं परीक्षण करायचं म्हणजे हे गृहीतक शोधून बाहेर काढायचं. पुढची सगळी पोस्ट त्यावरच आहे.

इंग्लंडची योजना: आधी तिची चांगली बाजू

ज्या प्राण्यामुळे ही योजना झाली तो बेडूक नाही, न्यूट आहे. शेपटी असलेला, पालीसारखा दिसणारा पण ओल्या कातडीचा उभयचर. त्याचं नाव ग्रेट क्रेस्टेड न्यूट, शास्त्रीय नाव ट्रायट्युरस क्रिस्टाटस. वसंत ऋतूत तो तळ्यात येतो, मादी पाणवनस्पतींच्या पानात एकेक अंडं गुंडाळून ठेवते आणि वर्षाचा बराचसा काळ तो तळ्याभोवतीच्या जमिनीवर, गवतात, ओंडक्यांखाली काढतो. १९८१ चा वन्यजीव कायदा आणि २०१७ चे अधिवास नियम या दोन्हींनी तिथे त्याला संरक्षण आहे. त्याला मारणं हा गुन्हा आहेच, पण त्याच्या प्रजननाची किंवा विश्रांतीची जागा नष्ट करणं हासुद्धा गुन्हा आहे. म्हणून बांधकामाआधी परवाना घ्यावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

जुनी पद्धत अशी होती. वसंतात सर्व्हे करायचा. न्यूट सापडला तर जागेभोवती प्लास्टिकचं कुंपण घालायचं, जमिनीत बादल्या पुरायच्या, रोज सकाळी त्यात पडलेले न्यूट उचलायचे आणि दुसऱ्या जागी नेऊन सोडायचे. खर्च मोठा, उशीर मोठा. राजकारण्यांना हा विषय आयताच मिळाला. २०२० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी घरबांधणी रखडल्याचं खापर न्यूट मोजण्यावर फोडलं होतं.

पण जुन्या पद्धतीची खरी अडचण उशीर ही नव्हती. एडगर, ग्रिफिथ्स आणि फॉस्टर यांनी १९९० ते २००१ मधल्या परवान्यांच्या फायली तपासल्या. त्यांचा पेपर २००५ मध्ये 'बायोलॉजिकल कॉन्झर्व्हेशन'मध्ये आला. निम्म्याहून जास्त परवान्यांच्या बाबतीत, काम झाल्यावर काय घडलं याचा अहवालच फायलीत नव्हता. म्हणजे न्यूट उचलले, नेले, सोडले, आणि पुढे ते जगले की मेले हे बहुतेक ठिकाणी कुणालाच माहीत नाही. पहिल्यांदा वाचताना मी हे वाक्य 'मर्यादा' म्हणून पुढे ढकललं होतं. खरं तर त्या पेपरचा मुख्य निष्कर्ष तोच आहे.

म्हणून नवी पद्धत आली. २०१६ मध्ये वोकिंग या ठिकाणी प्रयोग झाला आणि २०१८ पासून ती पसरली. काही भागांत 'नॅचरल इंग्लंड' ही सरकारी संस्था ती चालवते, काही भागांत नेचरस्पेस पार्टनरशिप. जिल्ह्याचा नकाशा घ्यायचा, न्यूट कुठे असण्याची शक्यता जास्त आहे हे मॉडेलने रंगवायचं. बिल्डरने आपल्या प्लॉटच्या रंगाप्रमाणे पैसे भरायचे. त्या पैशातून योग्य ठिकाणी तळी खोदायची किंवा जुनी दुरुस्त करायची, पंचवीस वर्षं सांभाळायची. बिल्डरला स्वतः सर्व्हे करायची गरज उरत नाही.

यात चांगलं बरंच आहे, तेही सांगायला हवं. पैसा प्लास्टिकच्या कुंपणाऐवजी तळ्यांवर जातो. तळी एकमेकांच्या जवळ करता येतात, म्हणजे न्यूट एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो. नव्या तळ्यांमध्ये न्यूट येऊ लागल्याचे योजनेचे अहवाल आहेत. परीक्षण लिहायला बसलो की आपण पहिल्या ओळीपासून दोष काढतो. मीही काढले होते. मॅडमनी ते पान फाडून परत दिलं.

मग अडतं कुठे?

मला ही योजना तीन ठिकाणी अडखळताना दिसते.

पहिलं, बेसलाइन. प्लॉटवर सर्व्हेच झाला नाही तर तिथे किती न्यूट होते हे कधीच कळणार नाही. तोटा हा मॉडेलने काढलेला अंदाज असतो आणि जमा मात्र प्रत्यक्ष मोजलेली तळी. एका बाजूला अंदाज, दुसऱ्या बाजूला मोजमाप, आणि वजाबाकी करून म्हणायचं 'फायदा झाला'. मॉडेल उत्तम असलं तरी ते शक्यता सांगतं. त्या गटात त्या वर्षी किती जीव होते हे सांगणं त्याचं काम नव्हे.

दुसरं, 'आहे' आणि 'किती आहेत' यांतला घोळ. तळ्याच्या पाण्यातला डीएनए तपासून न्यूट तिथे आहे का हे आता कळतं. इंग्लंडमध्ये २०१४ पासून ही पद्धत मान्य आहे. पाण्याचा नमुना घ्या, प्रयोगशाळेत पाठवा, हो किंवा नाही असं उत्तर येतं. फारच सोयीचं. पण एका तळ्यात दोन न्यूट असोत की दोनशे, उत्तर 'हो'च. शंभर तळ्यांपैकी इतक्या तळ्यांत 'हो' आलं, हा आकडा पसारा सांगतो, संख्या सांगत नाही. तुमच्या प्रबंधात 'उपस्थिती'चा डेटा असेल आणि निष्कर्षात 'लोकसंख्या वाढली' असं लिहिलं असेल, तर व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमके तिथेच पकडतात.

तिसरं, काळ. जुनं तळं जानेवारीत बुजतं. नवं तळं त्याच दिवशी तयार असलं तरी त्यात वनस्पती वाढायला, किडे यायला, सभोवतीची जमीन दाट व्हायला काही हंगाम जातात. योजना तळी आगाऊ करून ठेवायचा प्रयत्न करते, ही जमेची बाजू. पण ज्या प्लॉटवर न्यूट पकडायची अट राहिली नाही, तिथल्या मातीत लपलेले न्यूट जेसीबीखाली जाणार हेही योजनेने गृहीत धरलंय. एकेका जिवाचा सौदा करून पूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या वाचवायची, असा तो व्यवहार आहे. तो कदाचित योग्यही असेल. पण व्यवहार आहे हे उघड म्हणायला हवं.

सिडनीचा पेपर आणि '१९'चा आकडा

आता उलट बाजूचं उदाहरण. सिडनी ऑलिंपिक पार्कच्या जागेवर ग्रीन अँड गोल्डन बेल फ्रॉग नावाचा संकटग्रस्त बेडूक होता. बांधकामासाठी नऊ तळी काढली आणि त्या बदल्यात कितीतरी नवी केली. पिकेट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावर पेपर लिहिला. त्यांनी बेडूक पकडून, खूण करून, सोडून, पुन्हा पकडून लोकसंख्या काढली, बांधकामाआधीची आणि नंतरचीही. निष्कर्ष: निव्वळ तोटा झाला नाही.

ही वाचण्यासारखी गोष्ट आहे, कारण इथे एकक बेडूक आहे. पण पुढचा आकडा बघा. तळ्यांचं एकूण क्षेत्रफळ तब्बल १९ पट वाढवावं लागलं, तेव्हा कुठे तोटा शून्यावर आला.

हा पेपर वाचून दोन चुका हमखास होतात. मी दोन्ही केल्या. पहिली चूक, '१९:१ हे प्रमाण हवं' असं सिनॉप्सिसमध्ये लिहिणं. ते सूत्र नाही. ते एका जागेवरचं, एका जातीचं, भरपूर पैसा आणि कायम कर्मचारी असलेल्या व्यवस्थेचं उत्तर आहे. शेजारच्या जिल्ह्यातही ते बदलू शकतं. दुसरी चूक, '१९ पट म्हणजे योजना फसली' असं समजणं. पेपरचं म्हणणं वेगळंच आहे: एवढं करूनही यश मिळालं की नाही हे फक्त सखोल देखरेखीमुळे कळलं. देखरेख नसती तर ४ पटीलाही यश म्हटलं असतं आणि १९ पटीलाही. चार आणि एकोणीस यांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण एका ठिकाणी तळी मोजली, दुसऱ्या ठिकाणी बेडूक.

लासूरचं डबकं या मापात बसवून बघू

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मोजमाप नीट करू आणि योजना आपल्याकडे आणू. मीही हेच म्हटलं होतं. मग एका संध्याकाळी गंमत म्हणून आमच्या त्या बुजलेल्या डबक्याला इंग्लंडच्या मापाने गुण देऊन बघितले.

न्यूटसाठी तळं किती चांगलं आहे हे ठरवायला ओल्डहॅम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक निर्देशांक दिला. त्यात दहा बाबी आहेत: तळ्याचा आकार, सावली, मासे, पाणपक्षी, आसपासची तळी वगैरे. प्रत्येकीला शून्य ते एकच्या दरम्यान गुण द्यायचे आणि त्यांचा गुणाकार करून दहावं मूळ काढायचं. यातली एक बाब आहे, तळं कितीदा आटतं. क्वचित आटणाऱ्या तळ्याला पूर्ण १ गुण. कधीच न आटणाऱ्याला ०.९. आणि दरवर्षी आटणाऱ्याला? ०.१. सगळ्यात कमी.

न्यूटसाठी हे बरोबरच आहे. त्याच्या पिल्लांना पाण्यात काही महिने लागतात. पण मराठवाड्यातल्या बेडकांची गोष्ट उलटी आहे. मोठ्या पावसानंतर पिवळाधमक होऊन निळे गलफडे फुगवणारा बुलफ्रॉग घ्या, वर्षातला बराच काळ मातीत गाडून घेणारा बिळकरी बेडूक घ्या, किंवा अंगठ्याच्या पेरात मावणारा छोटा मायक्रोहायला घ्या. यांची पिल्लं, म्हणजे टॅडपोल, जातीनुसार तीन-चार आठवड्यांत ते दीड-दोन महिन्यांत पाय फुटून बाहेर पडतात. त्यांना तेवढंच पाणी पुरतं. दरवर्षी आटणारं पाणी त्यांना सोयीचं, कारण अशा पाण्यात मासे टिकत नाहीत. बारमाही पाण्यात तिलापिया आणि मांगूर असतात, ते अंडी आणि टॅडपोल फस्त करतात.

म्हणजे आमच्या गावातलं बेडकांचं सगळ्यात भरलेलं घर इंग्लंडच्या मापात जवळपास नापास. आणि पाइपने भरलेलं, बारा महिने तुडुंब शेततळं त्याच बाबीत ०.९ गुण घेऊन पास.

हे फक्त माझ्या गावाचं गाऱ्हाणं नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, डॅनियल बून राष्ट्रीय जंगलात, माणसांनी केलेल्या आणि नैसर्गिक पाणथळींची तुलना डेंटन आणि रिक्टर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. माणसांनी केलेल्या बऱ्याच पाणथळी आटतच नव्हत्या. तिथे अमेरिकन बुलफ्रॉग आणि ग्रीन फ्रॉगसारख्या कायम पाण्यातल्या जाती जमल्या. मोसमी पाण्यावर जगणाऱ्या वूड फ्रॉगसारख्या जाती नैसर्गिक, आटणाऱ्या पाणथळींतच जास्त. बेडूक दोन्हीकडे होते. पण ज्यांचं घर गेलं ते आणि नव्या घरात आले ते वेगळे होते.

आपल्या शेततळ्याचं तर आणखी एक आहे. पाणी मुरू नये म्हणून त्यात पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरतात. कांदा, डाळिंब, फळबाग यांच्यासाठी ते पाणी सोन्यासारखं आहे, शेतकऱ्याने ते का करावं याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण काठ उतरता, गुळगुळीत, कुठे गवताचं पातं नाही. बोटांना गाद्या असलेला झाडबेडूक कदाचित वर चढेल. जाडजूड भेक चढत नाही. मी पायलट सर्व्हेला गेले तेव्हा पहिल्याच शेततळ्याच्या कोपऱ्यात फुगलेले भेक तरंगताना दिसले. माझ्या मसुद्यात त्या शेततळ्यासमोर 'भरपाई' असा रकाना होता.

काही जागांना तर पर्यायच नसतो. आपल्याच राज्यात सिंधुदुर्गात आंबोलीला झँथोफ्राइन टायग्रिना नावाचा भेक आहे. २००९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. तो आंबोली परिसरापुरता मर्यादित, आययूसीएनच्या यादीत अतिसंकटग्रस्त. जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसात बोटभर खोलीची पाण्याची थारोळी साचतात, त्यात तो अंडी घालतो. सड्यावर रिसॉर्ट उभं राहिलं तर त्याच्या भरपाईसाठी कुठे काय खोदणार? सडा खोदून तयार होत नाही.

आपल्याकडे कायद्याची चावी कुठे आहे?

आता त्या परवान्याकडे परत येऊ. इंग्लंडमध्ये बिल्डर पैसे का भरतो? न्यूटचं घर मोडणं गुन्हा आहे म्हणून. भरपाईची यंत्रणा बंदीच्या चावीने सुरू होते. आपल्याकडे ती चावी शोधायला मी कायदे घेऊन बसले.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यातल्या 'शिकारी'च्या व्याख्येत अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही येतं, पण कुणाची अंडी? पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची. उभयचरांचा उल्लेख त्या वाक्यात नाही. जुन्या अनुसूची ४ मध्ये 'राना' या प्रजातीतले बेडूक होते. पुढे वर्गीकरणात आपल्या कितीतरी बेडकांची नावं बदलली, बुलफ्रॉगसुद्धा 'राना'तून बाहेर पडला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या सहाच्या चार केल्या. पण संरक्षित क्षेत्राबाहेर, एखाद्या गटातल्या सखल कोपऱ्यात बेडूक प्रजनन करतात म्हणून तो कोपरा बुजवायला परवाना लागेल, अशी तरतूद मला मिळाली नाही.

पाणथळ नियम, २०१७. त्यातून नदीपात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी माणसांनी केलेले जलसाठे वगळले आहेत. राष्ट्रीय पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान पाणथळ फक्त ठिपका म्हणून येते. आमचं डबकं ठिपक्यातही नव्हतं, कारण ते वर्षातून तीन-चार महिनेच असायचं.

पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना, २००६. बांधकाम प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते ती बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर झाल्यावर. तालुक्याच्या बाजारपेठेलगतचं दोन-चार एकरांचं एनए प्लॉटिंग बहुतेकदा त्याच्या खालीच राहतं. एकेक प्लॉटिंग छोटं, पण अशी दहा झाली की गावाभोवतीचं सगळं सखल रान संपतं. आणि ती दहा एकत्र बेरीज करून कुणी बघत नाही.

भरपाईचा आपला जुना अनुभव आहे तो जंगलाचा, म्हणजे पर्यायी वनीकरणाचा. त्याबद्दल कॅगचा २०१३ चा अहवाल जरूर वाचा, सरकारी अहवाल कसा वाचावा याचाही तो धडा आहे. २००६ ते २०१२ या काळात वनजमिनीच्या बदल्यात जेवढी बिगर-वनजमीन मिळायला हवी होती, त्यातली फक्त २७ टक्के मिळाली. आणि मिळायला हव्या होत्या त्या जमिनीच्या अवघ्या ७ टक्क्यांवर वनीकरण झालं. हे झाडांचं, जी जागची हलत नाहीत आणि दिवसा मोजता येतात. बेडूक वर्षातल्या मोजक्या रात्री दिसतो.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. चावी नसताना फक्त भरपाईचा भाग उचलून आणला, तर आपल्या हाती पावती येईल. बिल्डर ठराविक रक्कम भरेल, कुठेतरी एक खड्डा खोदला जाईल, फोटो निघेल, फाइल बंद होईल. आधी जे नुसतं दुर्लक्ष होतं ते आता मंजुरीसकट होईल. म्हणून ऑफसेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. क्रमातली पहिली पायरी, टाळणं, कायद्यात आल्याशिवाय शेवटची पायरी बांधू नये, एवढंच म्हणते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

कोणतीही भरपाई योजना किंवा तिच्यावरचा पेपर हातात आला की हे प्रश्न विचारा. तोटा आणि जमा एकाच एककात आहेत का? तोटा मोजलाय की अंदाजलाय? 'आहे' असं मोजून 'वाढले' असं म्हटलंय का? नव्या जागी त्याच जाती आल्या का, की फक्त बेडूक म्हणण्यापुरते बेडूक आले? किती वर्षं बघितलं? अहवाल कुणी लिहिला आणि न लिहिल्यास काय होतं?

स्वतः काम करायचं असेल तर लहान करा, पण तुलनेसकट करा. माझा आताचा आराखडा सांगते. काही सखल जागा जिथे प्लॉटिंग येऊ घातलंय, तेवढ्याच जिथे येणार नाही, आणि सोबत प्लास्टिकची व मातीची शेततळी. बांधकामाआधी आणि नंतर, दोन्ही गटांत. प्रत्येक ठिकाणी पाणी कोणत्या तारखेला साचलं आणि कोणत्या तारखेला आटलं, याची नोंद. एक खुणा केलेली काठी रोवली की काम भागतं. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री आवाजावरून जाती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाय फुटून काठावर आलेली पिल्लं. नर ओरडतो म्हणजे प्रजनन झालं असं नाही, अंडी दिसली म्हणजे पिल्लं जगली असं नाही. बेडूक पकडून खुणा करायच्या असतील तर वन विभागाच्या परवानगीचं आधीच विचारून घ्या. ऐन जुलैत कागद अडकला तर वर्ष जातं.

मर्यादाही आधीच लिहा. यूजीसीच्या नियमांत पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. म्हणजे हातात तीन पावसाळे, फार तर पाच. त्यातला एखादा कोरडा जाणार हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. कोरड्या वर्षी बेडूक कमी दिसले तर दोष प्लॉटिंगचा की पावसाचा, हे सांगण्यासाठीच त्या तुलनेच्या जागा लागतात.

आता अण्णांचं. लेआउटमध्ये साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती बहुधा भराव टाकून सपाट करतात, मग तिथे बाग नाहीतर मंदिर होतं. मागच्या महिन्यात मी चहा करायला न उठता विचारलं, की ही मोकळी जागा सगळ्यात सखल कोपऱ्यात सोडली असती आणि भराव टाकला नसता तर? अण्णा म्हणाले, "डास होतील म्हणतील लोक." मग जरा थांबून त्यांनी कागदावर लेआउट काढून दाखवलं, पाणी पूर्वी कुठून यायचं आणि कुठे थांबायचं. चाळीस वर्षांचं पाणी त्यांना पाठ आहे. माझ्या बेसलाइनमध्ये हे नव्हतं.

शेजारच्या गटात नवं प्लॉटिंग येतंय. त्याचा नकाशा अजून मंजूर व्हायचा आहे. जूनच्या आत त्यांच्याशी बोलून बघणार आहे. जमलं नाही तरी काठी रोवून ठेवणार आहेच.